फुटणे आणि फोडणे : जोखमीच्या मराठीविषयी

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'व्यावहारिक मराठी' शिकवताना मी दरवर्षी भाषांतरासाठी एक सरकारी उतारा देते. मुद्दाम सरकारीच देते. कवितेचे भाषांतर चुकले तर फार तर कवी दुखावतो. सरकारी मजकुराचे चुकले तर माणसे चुकीच्या रांगेत उभी राहतात. यंदाचा उतारा 'क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चर'विषयी होता. वीज, पाणी, रेल्वे, दूरसंचार, बँका, रुग्णालये अशा ज्या व्यवस्था बंद पडल्या की राष्ट्राचा दैनंदिन व्यवहारच थांबतो, त्यांच्या जोखमीचे व्यवस्थापन कसे करावे, असा त्याचा आशय. वर्गात या दोन शब्दांचे सहा पर्याय आले. बहुतेकांनी 'महत्त्वपूर्ण पायाभूत सुविधा' असे सरळ लिहिले. काहींनी 'गंभीर पायाभूत सुविधा' लिहिले. रुग्ण अत्यवस्थ असतो तशी सुविधाही अत्यवस्थ. एका विद्यार्थ्याने मात्र 'समीक्षात्मक पायाभूत सुविधा' असे लिहून दिले. वर्ग हसला, मीही हसले. पण त्याचा तरी काय दोष? दोन वर्षे 'क्रिटिकल' म्हणजे समीक्षा हे आम्हीच त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेले.

घरी येऊन पुढचे भाषांतर तपासू लागले तेव्हा हसू मावळले. शब्दांचे पर्याय सहा होते, पण वाक्यांची घडण सगळ्यांची एकच होती. 'जोखमीचे मूल्यांकन करण्यात येईल', 'आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येतील', 'संबंधितांना अवगत करण्यात येईल'. कोण करील, हे एकाही उत्तरपत्रिकेत नव्हते. मूळ इंग्रजी उताऱ्यातही ते फारसे नव्हते, हे खरे. पण मुलांनी जिथे ते होते तिथूनही काढून टाकले होते. सरकारी मराठी म्हणजे कर्ता गाळलेली मराठी, हा धडा त्यांनी कोणीही न शिकवता आत्मसात केला होता.

'जोखीम' हा शब्द मुळात असा बेवारस नाही. आज आपण तो निव्वळ धोका या अर्थाने वापरतो. जुन्या बोलण्यात मात्र त्याला आणखी एक अर्थ होता. 'अंगावर जोखीम आहे, रात्रीची निघू नकोस' असे घरातली मोठी माणसे सुनेला सांगत, तेव्हा जोखीम म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने. मौल्यवान वस्तू, ती सांभाळण्याचा भार आणि ती गमावण्याचे भय हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदत होते. जोखीम कोणाच्या तरी हवाली केलेली असे, आणि ती कोणाच्या हवाली केली आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असे, घेणाऱ्यालाही. 'जोखीम व्यवस्थापन' या नव्या जोडशब्दातली जोखीम मात्र कोणाच्याही हवाली केलेली दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हा केवळ शैलीचा दोष नव्हे. धरणे, पूल आणि वीजवाहिन्या ज्या रीतीने सांभाळल्या जातात, किंवा जात नाहीत, तीच रीत या वाक्यरचनेत उतरलेली आहे.

पानशेतचे उदाहरण घेऊ. १२ जुलै १९६१ या दिवसाला पुण्यात 'पानशेतचा पूर' म्हणतात. माझी आत्या तेव्हा नारायण पेठेत राहत असे, नऊ वर्षांची होती. तिच्या बोलण्यात कालगणनाच 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' अशी आहे. एखादे पितळी पातेले दाखवून 'हे पुराआधीचे' असे ती आजही सांगते. शहरातल्या जुन्या भिंतींवर पाणी कुठवर आले होते त्याच्या खुणा पुढे कित्येक वर्षे होत्या. घरे गेली त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांना 'पूरग्रस्त वसाहती' हे नाव पडले. पण त्या दिवशी पुण्याला जे गाठले तो नदीला आलेला पूर नव्हता. मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवरचे, बांधकाम पुरते न झालेले मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात भरू दिले गेले. पाणी सोडण्याच्या नळमार्गाचे काम अपुरे आणि कच्चे होते. त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळयांचा आधार नव्हता. धरण खचू लागल्यावर सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते तोलून धरले. त्यांच्या त्या रात्रीमुळेच पाणी काळोखात न येता दिवसाउजेडी आले आणि असंख्य माणसे वाचली. शहराला मात्र वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत कोणी काही सांगितले नाही. सकाळी पानशेत फुटले, आणि काही तासांनी तो लोंढा न पेलून खाली असलेले, १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरणही गेले.

खडकवासल्याचा उल्लेख पुराच्या आठवणींत बहुधा शेपटासारखा येतो. वास्तविक तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येत होते. म्हणजे ज्या दिवशी शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी ते पाण्यावाचूनही राहिले. आत्या सांगते, चिखल पुसायलाही पाणी नव्हते. वीज नव्हती. पूल पाण्याखाली गेल्यामुळे दोन्ही काठ एकमेकांना पारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी 'पुन्हा पाणी आले' अशी आवई उठली आणि लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले. अधिकृत शब्दावरचा विश्वासही त्या लोंढ्याबरोबर वाहून गेला होता. एक व्यवस्था पडली की ती शेजारच्या व्यवस्थेला हात धरून खाली ओढते, हे आजच्या जोखीमशास्त्रातले पहिले सूत्र. पुण्याने ते १९६१ सालीच अनुभवले होते. आपण त्याला 'पूर' म्हटले आणि तो अनुभव पावसाच्या खात्यावर जमा करून टाकला.

शब्दांचा हा हिशेब आणखी थोडा पुढे नेता येतो. धरण बांधताना ज्यांची गावे बुडतात त्यांना मराठीत 'धरणग्रस्त' म्हणतात. हा शब्द चळवळीने घडवला, रुजवला. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने त्या माणसांना कादंबरीत आणले आणि १९९२ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण धरण फुटल्यामुळे ज्यांची घरे बुडाली ते मात्र 'पूरग्रस्त'! धरणाच्या उभारणीचे बळी धरणाच्या नावे नोंदले जातात, आणि धरणाच्या हेळसांडीचे बळी निसर्गाच्या नावे. धरण बांधण्यावर आपल्याकडे कादंबऱ्या आहेत, लोककथा आहेत. पुलाला वा तळ्याला बळी लागतो ही समजूतही मुळात बांधण्याचीच कथा आहे. बांधून झालेल्या गोष्टीच्या राखणीवरची कथा माझ्या वाचनात आलेली नाही. राखणीत नाट्य नसते, हे आपण साहित्याचे लोक पुष्कळदा नकळत शिकवत आलो आहोत.

मराठी व्याकरणाने आपल्याला क्रियापदांच्या सुंदर जोड्या दिल्या आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे. पहिले आपोआप घडते, दुसरे कोणीतरी करते. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत आपण या जोड्यांतले पहिलेच क्रियापद निवडतो. धरण फुटते, पूल पडतो, तार तुटते, पाणी सुटते. दुसऱ्या क्रियापदाची पाळी सहसा येत नाही. एकदा आली होती. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, खालच्या वाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी जे कारण सांगितले ते महाराष्ट्राला पाठ आहे : खेकड्यांनी धरण पोखरले. सकर्मक क्रियापद मिळाले, कर्ता मिळाला, कर्म मिळाले, वाक्य व्याकरणदृष्ट्या परिपूर्ण झाले. फक्त कर्ता खेकडा निघाला. त्या विधानावर पुष्कळ विनोद झाले. मला त्यात विनोदापेक्षा भाषेची अगतिकता अधिक दिसते. मातीच्या बांधाला प्राणी भोके पाडतात, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या दृष्टीने खोटी नाही. म्हणूनच तर मातीच्या बांधावरून कोणीतरी नियमाने चालत जाऊन भोके बघायची असतात. विचारायचा प्रश्न 'कोणी पोखरले' हा नव्हता, 'बांधावरून कोण चालत जायचे होते' हा होता.

सावित्री नदीवरच्या पुलाचेही तेच. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे नंतर सांगण्यात आले. ('सांगण्यात आले'! ही खोड माझ्याही लेखणीला लागलेली आहे.) पुढे १६५ दिवसांत तिथे नवा पूल उभा राहिला आणि त्याचे यथोचित कौतुक झाले. व्हायलाच हवे होते. पण नव्या पुलाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, तिच्यावर नावे कोरली जातात. जुना पूल आणखी एक पावसाळा नीट उभा राहिला, याचा समारंभ कोणी केल्याचे ऐकिवात नाही. कोनशिलेवर नावे असतात आणि देखभालीच्या नोंदवहीत सह्या असतात, त्याही बहुधा न वाचता येणाऱ्या.

इथे एक आक्षेप मला माझ्याच घरातून ऐकावा लागतो. माझे यजमान स्थापत्य अभियंता आहेत. त्यांचे म्हणणे असे की साहित्यवाल्यांना खलनायकाची फार हौस. मोठ्या व्यवस्थेतली दुर्घटना एका माणसाने घडवलेली नसतेच; पाच-सात लहान उणिवा एका वाईट रात्री एका रेषेत येतात. तुम्ही कर्ता मागितलात की यंत्रणा तुम्हाला कर्ता देते, आणि तो कर्ता नेहमी सर्वांत खालचा असतो. एक कनिष्ठ अभियंता निलंबित होतो, एका वायरमनवर गुन्हा दाखल होतो, आणि उणिवा जागच्या जागी राहतात. वर त्या भीतीने पुढचा माणूस आपल्या पाहणीत जे दिसले ते लिहायचेच टाळतो.

हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच माझे म्हणणे थोडे दुरुस्त करून मांडायला हवे. मला दुर्घटनेनंतरच्या भूतकाळी वाक्यातला कर्ता नको आहे, तो कोर्टाचा विषय. मला दुर्घटनेआधीच्या वर्तमानकाळी वाक्यातला कर्ता हवा आहे. 'हे धरण अमुक पदावरचा माणूस बघतो' या साध्या वाक्यातला. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीचे सिंचन शतकानुशतके चालत आले. त्यात पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता. पाट फुटला तर कोणाकडे जायचे हे लहान मुलालाही माहीत असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. गावगाड्यात उतरंडही होती आणि अन्यायही. पण तिथे जोखीम कोणाच्या हवाली आहे, याला नाव होते.

याउलट १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या महानगर प्रदेशाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. टाळेबंदीमुळे त्या वेळी लोकलमध्ये केवळ अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांनाच प्रवेश होता. म्हणजे परिचारिका, सफाई कामगार, बँकेतले लोक रुळांवर अडकून पडले. रुग्णालयांत करोनाचे रुग्ण होते, तिथे जनित्रांवर काम चालले. आमच्याकडे अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा सुरू होत्या. विद्यार्थ्यांचे घाबरलेले फोन, आणि थोड्या वेळाने मोबाइलचे नेटवर्कही डळमळलेले. वीज, रेल्वे, दूरसंचार, आरोग्य, शिक्षण यांनी पुन्हा एकमेकांचा हात धरला होता.

मुंबईपाशी अशा प्रसंगासाठी एक जुनी योजना आहे. बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचे आणि स्वतःच्या वीजनिर्मितीवर तग धरायचा. अभियंते तिला 'आयलंडिंग' म्हणतात. बेटांच्या शहराने संकटकाळी पुन्हा बेट व्हायचे, ही कल्पना एखाद्या कवीला सुचावी अशी आहे. ती गेली कित्येक दशके शहराच्या उपयोगी पडली होती. त्या दिवशी पडली नाही. शहराच्या आत त्या घटकेला होत असलेली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. बाहेरून स्वस्त वीज मिळत असताना घरातला महाग संच तयार ठेवणे हा चार शांत वर्षांत अपव्यय वाटतो. राखीव गोष्ट वापरली जात नाही, हाच तिचा गुण असतो आणि हिशेबाच्या वहीत तोच तिचा दोष ठरतो.

पुढे २०२१च्या मार्चमध्ये या घटनेची दोन स्पष्टीकरणे समोरासमोर आली. राज्य सरकारने आपल्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे संगणकीय घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती नाकारून 'मानवी चूक' असे कारण दिले. यांतले खरे कोणते, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग वाचून मी थबकले. मानव हा कुणी माणूस नसतो. 'मानवी' हे विशेषण लावले की चूक एकदम सबंध मानवजातीची होते, आदिम आणि क्षम्य होते. दुसऱ्या बाजूला परकीय हस्तक. एका स्पष्टीकरणात कर्ता सीमेपलीकडे आहे, दुसऱ्यात तो सर्वांत मिसळून गेलेला आहे. या दोहोंच्या मध्ये, ज्या टेबलावर 'हा राखीव संच आज बंद ठेवू' असा निर्णय रीतसर होतो, ते टेबल दोन्ही वाक्यांत नाही.

'अत्यावश्यक सेवा' हा शब्द आपण सामान्य लोक एरवी कधी ऐकतो? संपाच्या वेळी. १९६८चा केंद्रीय कायदा आणि आपल्या राज्याचा 'मेस्मा' यांच्यामुळे तो घरोघरी पोहोचला. मेस्माचे पूर्ण नाव मोठे मननीय आहे : महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम. परिरक्षण म्हणजे सर्व बाजूंनी रक्षण, निगा. इतका भारदस्त, अर्थवाही शब्द. आणि कायदा कशाचा, तर कर्मचाऱ्यांनी संप करू नये याचा. जलवाहिनी गंजू देणे, पुलाच्या कमानीत पिंपळ उगवू देणे हे परिरक्षणाविरुद्ध ठरत नाही. परिचारिकेने हातावर काळी फीत बांधून घरी बसणे मात्र ठरू शकते. २०१८ साली अंगणवाडी सेविकांना हा कायदा लावण्याचा निर्णय झाला आणि विधिमंडळातल्या विरोधानंतर तो स्थगित करावा लागला. ज्यांना पगारही नाही, 'मानधन' आहे, त्यांची सेवा संपापुरती अत्यावश्यक! आपल्या राज्यव्यवस्थेच्या कोशात सेवेला असलेला मुख्य धोका म्हणजे सेवक, असाच अर्थ यातून निघतो.

पाहणीचे अहवाल लोकांसमोर ठेवा म्हटले की सुरक्षेचे कारण पुढे येते. वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षाचा नकाशा चव्हाट्यावर मांडू नये, हे कोणालाही पटेल. पण एखाद्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, हे गुपित कोणत्या शत्रूपासून जपायचे? त्या तारखेची गरज शत्रूला नाही, पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या चालकाला आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली, आपत्कालीन कृती आराखडे करायला सांगितले. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. तेव्हा हा कायदा सर्वांत जास्त आपला आहे. त्या तपासण्यांचे सार धरणाखालच्या गावात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत आणि कर्तरी प्रयोगात लिहिले गेले तर त्या कायद्याला खरी जाग येईल असे मला वाटते. मराठीच्या एम. ए. झालेल्या मुलांना नोकऱ्या नाहीत अशी ओरड आपण करतो. हे फळे लिहिण्याइतकी मराठी त्यांना निश्चित येते. निदान यायला हवी.

असो. भाषांतराच्या त्या उत्तरपत्रिका मी गुण न देता परत केल्या आणि वर्गाला दुसरा अभ्यास दिला. आमच्या महाविद्यालयाच्या रस्त्यावर ओढ्यावरचा एक जुना पूल आहे. त्याच्या तोंडाशी एक पत्र्याचा फलक : 'पूल धोकादायक आहे. वाहने सावकाश हाकावीत. – आदेशावरून.' आदेश कोणाचा, धोका कसला, केव्हापासून, यांतले काहीही नाही. आणि त्यावरून रोज महाविद्यालयाची बस जाते. हा फलक पुन्हा लिहा, एवढेच मी सांगितले. पाच वाक्ये, एकाही वाक्यात 'ण्यात येईल' नको.

वर्गाने तासभर प्रयत्न केला. 'समीक्षात्मक'वाल्या मुलाने सर्वांत चांगला मसुदा केला. पूल कोणत्या साली बांधला, शेवटची तपासणी कोणत्या दिवशी, ती कोणी केली, काय आढळले, पुढची केव्हा. मग लक्षात आले की त्यातली एकही रिकामी जागा वर्गातल्या कोणालाच भरता येत नाही. मलाही नाही, आणि मी त्या पुलावरून चौदा वर्षे जाते-येते. त्याने त्याच पाच रिकाम्या जागा पाच प्रश्न करून माहितीच्या अधिकाराखाली संबंधित कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने त्याला आधी विचारले म्हणे, 'तुमचे काय काम?' कायद्याने उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आज सव्विसावा दिवस. फलक अजून तोच आहे, आणि काल रात्रीपासून पाऊस सुरू झाला आहे.